शाफ्ट लाइनच्या प्रकल्प नोंदी: अंदाजाचा दोष किती आणि आपला किती

३ फेब्रुवारी

कागदावर प्रकल्पाचं नाव ‘पूर्वानुमान सुधारणा’ असं आलं आहे. पंप जोडणीच्या लाइनवर रोज काही ना काही कमी पडतं, डिस्पॅचच्या तारखा चुकतात, आणि तरीही शॉप फ्लोअरवर पाय ठेवायला जागा नसते. वरच्या बैठकीत याचं खापर विक्री विभागाच्या अंदाजावर फुटलं. अंदाज चुकतो म्हणून प्लॅनिंग चुकतं, सबब नवं फोरकास्टिंग सॉफ्टवेअर घ्यावं, असा सूर निघाला.

अंदाज चुकतो हे खरंच. पण एकाच वेळी तुटवडाही आहे आणि साठाही तुंबला आहे, याचा उलगडा एकट्या अंदाजाने होत नाही. शिवाय शाफ्टसारख्या सुट्या भागाच्या मागणीचा अंदाज करायचाच नसतो. किती पंप जोडायचे हे ठरलं की बीओएमवरून (एका पंपाला लागणाऱ्या भागांच्या यादीवरून) शाफ्ट किती, सील किती हे हिशेबाने निघतं. स्वतंत्र मागणी आणि अवलंबी मागणी यांतला हा फरक जोसेफ ऑर्लिकी यांनी मांडला, आणि एमआरपीचा (लागणाऱ्या मालाचं नियोजन करणाऱ्या पद्धतीचा) सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. अंदाज लागतो तो पंपांचा आणि स्पेअर्सचा.

सुरुवातीला दोनच गोष्टी हातात घेतो: कारखान्यात बनणारा शाफ्ट आणि बाहेरून येणारं मेकॅनिकल सील. शॉर्टेज लिस्टच्या वरच्या ओळींत आलटून पालटून हेच दोघे असतात.

५ फेब्रुवारी

शाफ्ट लाइनवरचं मटेरियल प्रत्यक्ष मोजलं. ट्रॉल्या ४२, एकेका ट्रॉलीवर ३०, म्हणजे १,२६० शाफ्ट. ग्राइंडिंगमधून पास होऊन जोडणीकडे जातात दिवसाला सरासरी ९०.

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो. व्यवस्थेतल्या वस्तूंची सरासरी संख्या म्हणजे बाहेर पडण्याचा वेग गुणिले आत काढलेला सरासरी वेळ. १,२६० ला ९० ने भागलं की १४ दिवस येतात. एका शाफ्टवर टर्निंग, की-वे मिलिंग आणि ग्राइंडिंग मिळून प्रत्यक्ष काम होतं साधारण ४० मिनिटांचं. बाकीचा वेळ तो ट्रॉलीवर पडून असतो.

की-वे मशीनजवळची एक ट्रॉली नीट पाहिली. जॉब कार्ड तेलाने पारदर्शक झालेलं, टर्निंगपुढे सही, त्याखालच्या रकान्यात काहीच नाही. कार्डाच्या वर ‘अर्जंट’चं लाल लेबल. शेजारच्या ट्रॉलीवरही तेच. पुढच्या ओळीतली बहुतेक लेबलं लालच निघाली. सुपरवायझरना विचारलं, यातली आधी कुठली घेता? म्हणाले, “साहेब, ज्याचा फोन शेवटचा आला ती.”

६ फेब्रुवारी

ईआरपीमध्ये (कारखान्याच्या कारभाराच्या सॉफ्टवेअरमध्ये) शाफ्टच्या लीड टाइमचा, म्हणजे ऑर्डर सुटल्यापासून माल हातात येईपर्यंतच्या दिवसांचा, इतिहास काढला. मूळ नोंद ६ दिवसांची. पुढे ती ८ झाली, मग १०, मग १५. आणि आता २० करा म्हणून विनंती येऊन पडली आहे. दर वेळी शेऱ्यात एकच कारण: वेळेत मिळत नाही.

वर्षानुवर्षं मुरलेलं दुखणं आहे हे. लीड टाइम वाढवला की सिस्टीम ऑर्डर आधी सोडते. आधी सोडलेलं काम लाइनवर येऊन रांगेत उभं राहतं. मशीनचा वेग तोच, रांग लांब, म्हणजे प्रत्येक शाफ्टला लागणारा वेळ वाढला. मग पुन्हा उशीर, मग पुन्हा लीड टाइम वाढवा. प्लॅनिंगवाले याला लीड टाइम सिंड्रोम म्हणतात. एमआरपीच्या मांडणीतच त्याची पाळंमुळं आहेत: सिस्टीम लीड टाइम हा ठरावीक आकडा मानते, लाइनवर गर्दी असो नसो. मशीनची क्षमताही ती अमर्याद धरते. मशीनला एवढं काम झेपेल का याची ढोबळ तपासणी (रफ-कट कपॅसिटी) वेगळी करावी लागते, आणि आमच्याकडे ती शेवटची कधी झाली हे कुणालाच आठवत नाही.

२० ची विनंती नामंजूर केली. प्लॅनर नाराज आहेत. त्यांचंही बरोबर आहे, उशिराचा जाब त्यांनाच द्यावा लागतो.

१० फेब्रुवारी

स्टोअरची मोजणी. शाफ्टच्या एका प्रकाराचा सिस्टीममधला शिल्लक आकडा २१४, रॅकवर १७१. फरक कुठे गेला ते शोधायला फार फिरावं लागलं नाही. रिजेक्ट झालेले ४३ नग क्यूसीच्या (गुणवत्ता तपासणीच्या) लाल रॅकवर व्यवस्थित रचून ठेवलेले, पण सिस्टीममध्ये त्यांची स्क्रॅप नोंदच नाही. सिस्टीमच्या लेखी ते वापरायला तयार आहेत, म्हणून एमआरपी नवी ऑर्डर काढत नाही, आणि जोडणीच्या दिवशी तुटवडा ‘अचानक’ उगवतो.

वार्षिक मोजणीवर भिस्त ठेवून हे सुटणार नाही. रोज थोडे आयटम मोजायचे, महागडे आणि जास्त फिरणारे वारंवार, बाकीचे कधीमधी. सायकल काउंटिंगमध्ये आकडा दुरुस्त करणं हे दुय्यम. तफावत ताजी असताना तिचं कारण सापडतं, हा खरा फायदा. लाल रॅकवर नग ठेवताना त्याच क्षणी नोंद करायची, हा नियम आजपासून लागू.

१२ फेब्रुवारी

ग्राइंडर हीच लाइनची अडलेली जागा. सेटअप धरून त्याची क्षमता दिवसाला सुमारे १००, काम ९० चं. म्हणजे ९० टक्के भार.

उत्पादन विभागाला हा आकडा कमी वाटतो. आणखी काम सोडा, मशीन ९५ वर न्या, असा आग्रह आहे. त्यांच्यासमोर फळ्यावर किंगमन यांचं सूत्र मांडलं, हेही १९६१ चंच. रांगेतला वेळ तीन गोष्टींच्या गुणाकाराने ठरतो: कामाच्या येण्यात आणि होण्यात असलेली अनियमितता, एका कामाला लागणारा वेळ, आणि भार भागिले मोकळी क्षमता. या शेवटच्या घटकाचे आकडे लिहून दाखवले. ८० टक्के भाराला ४. ९० ला ९. ९५ ला १९. म्हणजे शेवटच्या पाच टक्क्यांसाठी रांग दुपटीहून लांब करायची. बैठकीत कुणीतरी म्हणालं, हे पुस्तकी आहे. त्यांना खाली नेऊन ४२ ट्रॉल्या दाखवल्या.

१७ फेब्रुवारी

आज दिवसभर सील. या प्रकल्पातला सर्वांत डोळे उघडणारा हिशेब हाच, म्हणून आकड्यांनिशी लिहून ठेवतो.

रोजचा सरासरी खप ४०, त्याचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा चढउतार) १२. व्हेंडरचा सरासरी लीड टाइम १६ दिवस. आमचा सेफ्टी स्टॉक (अनिश्चिततेसाठीचा राखीव साठा) जुन्या पद्धतीने काढलेला: १२ गुणिले १६ चं वर्गमूळ, म्हणजे ४८, त्याला ९५ टक्क्यांसाठी १.६५ ने गुणलं की ७९. कागदावर झकास. पण माल दर वेळी १६ व्या दिवशीच येतो, हे यात गृहीत धरलं आहे.

प्रत्यक्षात इनवर्डच्या (माल आत आल्याच्या) तारखा पाहिल्या तर माल कधी ११ व्या दिवशी येतो, कधी २३ व्या. लीड टाइमचं विचलन ५ दिवस निघालं. ते धरायचं तर सूत्रात दुसरं पद येतं: खपाच्या वर्गाला लीड टाइमच्या विचलनाच्या वर्गाने गुणायचं. १६ गुणिले १४४ म्हणजे २,३०४. १,६०० गुणिले २५ म्हणजे ४०,०००. बेरीज ४२,३०४, वर्गमूळ २०६ च्या आसपास, आणि १.६५ ने गुणल्यावर ३३९. म्हणजे ७९ वर भागवत होतो तिथे गरज ३३९ ची.

आता मूळ प्रश्नाकडे. समजा नवं सॉफ्टवेअर आणलं आणि मागणीतली अनिश्चितता थेट निम्मी झाली, १२ ची ६. हे फारच आशावादी आहे, पण धरू. सेफ्टी स्टॉक ३३९ वरून ३३२ वर येतो. सात नग वाचले. उलट अंदाज आहे तसाच ठेवून व्हेंडरच्या तारखांचं विचलन ५ वरून २ दिवसांवर आणलं, तर १५४ पुरतात.

हा तक्ता संध्याकाळी वरिष्ठांना पाठवला, सोबत कुठलीही टिप्पणी न करता.

सावधगिरीच्या दोन गोष्टी. यातले ९५ टक्के म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतच्या एका फेऱ्यात तुटवडा न पडण्याची शक्यता. ९५ टक्के मागणी पुरवली जाईल असा त्याचा अर्थ नाही, तो फिल रेट, त्याचा हिशेब वेगळा. आणि उशिराचं शेपूट लांब असतं, घंटाकृती वक्रात ते नीट बसत नाही. तेव्हा ३३९ ही रेघ दगडावरची नाही.

१९ फेब्रुवारी

व्हेंडरच्या तारखा इतक्या का हलतात, हे विचारायला फोन केला. पलीकडून उत्तराऐवजी प्रश्न आला, “तुमच्या कुठल्या तारखेबद्दल विचारताय?”

पीओंचा (खरेदी ऑर्डरींचा) इतिहास काढला. निम्म्याहून जास्त पीओंची तारीख ऑर्डर दिल्यानंतर आम्हीच बदललेली, काहींची अनेकदा. आज लवकर पाठवा, चार दिवसांनी थांबवा, मग पुन्हा तातडीचं. एमआरपी रोज रात्री चालते, वरच्या आराखड्यात पंपांची थोडी अदलाबदल झाली की खालच्या प्रत्येक पातळीवर संदेशांचा पाऊस पडतो. या पद्धतीचा हा जुना आजार. वर शिंक आली की तळाला ताप भरतो. व्हेंडरने आमच्या तारखा मनावर घेणं केव्हाच सोडलं आहे, आणि त्याच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं.

म्हणजे १७ तारखेच्या तक्त्यातले ते ५ दिवस पूर्णपणे व्हेंडरचे नाहीतच.

२१ फेब्रुवारी

स्पेअर्सच्या बाजूला तोच प्रकार. सील कमी पडले की विक्री विभाग वितरकांना मागणीच्या निम्मेच देतो. वितरक शहाणे आहेत, त्यांनी दुप्पट मागायला सुरुवात केली. आम्ही त्या दुप्पट आकड्यालाच मागणी समजलो, आणि पुरवठा सुरळीत झाल्यावर ऑर्डरी रद्द झाल्या. साखळीत मागे जावं तसे चढउतार वाढत जातात, हे फॉरेस्टर यांनी १९५८ मध्येच दाखवलं होतं. ली, पद्मनाभन आणि व्हांग यांनी १९९७ मध्ये त्याची चार कारणं मांडली: प्रत्येक टप्प्यावर वेगळा अंदाज बांधणं, ऑर्डरी साठवून एकदम देणं, किमतींतले चढउतार, आणि तुटवड्याच्या काळात फुगवून मागणं. आमच्याकडे यातलं चौथं ठळक आहे. तुटवड्यात वाटप करायचं तर मागच्या काळातल्या प्रत्यक्ष उचलीच्या प्रमाणात करावं, चालू मागणीच्या नाही, म्हणजे फुगवण्यात फायदा उरत नाही. प्रस्ताव दिला. विक्री विभाग विचार करतो म्हणाला.

२४ फेब्रुवारी

मास्टर शेड्यूल (पंपांच्या उत्पादनाचा वरचा आराखडा) गोठवण्याची बैठक. वादळी झाली.

प्रस्ताव असा: पहिले दोन आठवडे आराखडा बंद, त्यात बदल नाही. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पंपांच्या एकाच कुटुंबात अदलाबदल चालेल, एकूण आकडा हलणार नाही. त्यापुढे सगळं खुलं. विक्रीप्रमुख म्हणाले, ग्राहकाला दोन आठवडे थांबा सांगायचं? मी म्हणालो, आपण आज त्याला ‘लगेच’ सांगतो आणि तीन आठवड्यांनी देतो. त्यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही, मग सगळे एकदम बोलले.

शेवटी तडजोड झाली. बंद काळात बदल हवा असेल तर कारखानाप्रमुखांची सही लागेल, आणि एक ऑर्डर आत घ्यायची तर तेवढ्याच क्षमतेची दुसरी बाहेर काढायची. ही दुसरी अट माझ्या मते सहीपेक्षा महत्त्वाची. शिवाय विक्रीला ‘देण्याजोगा शिल्लक’ हा आकडा रोज सकाळी दिसेल: आराखड्यातलं उत्पादन वजा आधीच कबूल केलेलं. म्हणजे ग्राहकाला तारीख देताना प्लॅनिंगला फोन करायला नको.

सीलच्या पीओंनाही तोच नियम. पहिल्या दोन आठवड्यांतली तारीख आमच्याकडून हलणार नाही, आणि तीन दिवसांपर्यंतच्या पुढे-मागे करण्याचे संदेश सिस्टीममध्येच गाळले जातील.

३ मार्च

शाफ्ट लाइनवर कार्ड सुरू.

टोयोटाच्या मशीन शॉपमध्ये ताइइची ओनो यांनी १९५३ पासून रुजवलेलं कानबान सगळ्यांना ऐकून ठाऊक आहे, म्हणून आधी तेच सुचवलं गेलं. पण कानबानमध्ये कार्ड त्या-त्या भागाचं असतं, प्रत्येक प्रकाराचा थोडा साठा कायम तयार ठेवावा लागतो. आमच्याकडे शाफ्टचे प्रकार भरपूर आणि बरेचसे क्वचित लागणारे. रॅक भरून जातील. म्हणून कॉनविप घेतलं: स्पिअरमन, वुड्रफ आणि हॉप यांनी १९९० मध्ये मांडलेली पद्धत. यात कार्ड लाइनचं असतं, भागाचं नाही. एक कार्ड म्हणजे एक ट्रॉली. ग्राइंडिंगमधून ट्रॉली बाहेर पडली की तिचं कार्ड सुटून टर्निंगच्या टोकाला परत येतं, आणि तेव्हाच नवं काम आत जातं. कुठलं काम, ते ठरतं एमआरपीच्या यादीतल्या तारखेवरून. कधी, ते ठरवतं कार्ड.

सुरुवात ३० कार्डांनी. ४२ ट्रॉल्यांमधल्या १२ बिनकार्डाच्या राहतात. त्या संपेपर्यंत नवं काही आत जाणार नाही. लाल लेबलं आज सगळी काढून टाकली. सगळंच तातडीचं असेल तर लेबलाने काही कळत नाही.

६ मार्च

अपेक्षेप्रमाणे टर्निंगची दोन मशीनं दुपारनंतर उभी राहिली आणि फोन सुरू झाले. मशीन वापराच्या दैनिक अहवालात टर्निंगचा आकडा घसरलाय, ऑपरेटर रिकामे दिसतात, हे काय चाललंय.

चाललंय ते ठीक चाललंय. टर्निंगने ग्राइंडरपेक्षा जास्त बनवलेला प्रत्येक शाफ्ट रांगेतच जाणार. एलियाहू गोल्डरॅट यांची सारी मांडणी याच मुद्द्याभोवती आहे: अडलेल्या जागी गेलेला तास सगळ्या कारखान्याचा जातो, इतरत्र वाचवलेला तास कुणाच्याच कामी येत नाही. कारखानाप्रमुखांशी बोलून टर्निंग आणि मिलिंगचा वापर-टक्का त्या अहवालातून काढून टाकला, फक्त ग्राइंडरचा ठेवला. रिकाम्या वेळेत टर्निंगचे दोघे ऑपरेटर ग्राइंडरच्या सेटअपला मदत करतील.

एकंदर, मापन बदलल्याशिवाय कार्डांची पद्धत आठवडाभरही टिकली नसती असं वाटतं.

१४ मार्च

सेटअपवर काम. ग्राइंडरवर प्रकार बदलायला ९० मिनिटं लागायची. त्यातला मोठा भाग मशीन बंद ठेवून गेज शोधणं, ड्रॉइंग आणणं, ड्रेसिंगचा डायमंड कुणाकडे आहे ते विचारणं यातच जायचा. शिगेओ शिंगो यांचा साधा प्रश्न, हे मशीन चालू असताना करता येईल का, एकेका कृतीला लावला. पुढच्या कामाचं सगळं साहित्य आता आधीच एका छोट्या ट्रॉलीवर मांडून तयार असतं. सेटअप ३५ मिनिटांवर आला.

मग बॅच ६० वरून ३० वर आणली. खर्च विभागाची हरकत: आर्थिक बॅचचं सूत्र ६० सांगतं. फोर्ड हॅरिस यांचं १९१३ चं सूत्र, त्यात बॅच ही सेटअप खर्चाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. सेटअपचा खर्च वेळेच्या प्रमाणात धरला तर ९० चे ३५ झाल्यावर ६० ची बॅच सुमारे ३७ वर येते. आणि तो वक्र तळाशी इतका सपाट आहे की ३७ ऐवजी ३० घेतले तरी खर्च दोन-अडीच टक्क्यांहून जास्त वाढत नाही. ग्राइंडरच्या बाजूने पाहिलं तर पूर्वी दिवसाला सरासरी दीड सेटअप, १३५ मिनिटं. आता तीन सेटअप, १०५ मिनिटं. बॅच निम्मी करूनही अर्धा तास मोकळा झाला.

२१ मार्च

कार्ड २० वर. उत्पादन घटलेलं नाही. की-वेच्या फिक्स्चरचा पिन झिजलेला होता, तो पूर्वी ढिगाखाली झाकला जायचा. मागे रांग उरली नाही तसा आज दोन तासांत सापडला.

२८ मार्च

कार्ड १५. मोजले तेव्हा लाइनवर ४६२ शाफ्ट, बारा नग रिवर्कचे. बाहेर पडण्याचा वेग ९१ च्या आसपास. म्हणजे पाच दिवस. जोडणीच्या शॉर्टेज लिस्टवर शाफ्ट या आठवड्यात एकदाच आला, तोही कास्टिंगमुळे अडलेल्या पंपाच्या बदली घेतलेल्या ऑर्डरचा.

सीलचं इतक्यात काही म्हणता येत नाही. तारखा न हलवता दिलेले पीओ आत्ता कुठे यायला लागलेत. आलेले दिलेल्या तारखेच्या जवळपास आहेत, पण एवढ्यावर विचलन काढणं घाईचं ठरेल. तोवर सेफ्टी स्टॉक ३३९ वरच ठेवला. खर्च विभागाला तो खुपतो आहे.

क्वचित खपणाऱ्या स्पेअर्ससाठी मात्र अंदाजाची पद्धत बदलायला हवी, हे मान्य. महिनोन्‌महिने शून्य आणि मध्येच एकदम मागणी, अशा आयटमला साधी घातांकी सरासरी (ताज्या आकड्यांना जास्त वजन देणारी) लावली की मागणी आल्यावर लगेच आकडा फुगतो. क्रॉस्टन यांची १९७२ ची पद्धत मागणीचा आकार आणि दोन मागण्यांमधलं अंतर वेगवेगळं मोजते. त्याला नव्या सॉफ्टवेअरची गरज नाही, आहे त्याच तक्त्यात बसतं.

४ एप्रिल

ईआरपीमध्ये शाफ्टचा लीड टाइम १५ वरून ६ दिवस केला. प्लॅनर म्हणाले, ८ ठेवू या, थोडी सोय. ६ वरच थांबलो. ते दोन दिवस सिस्टीममध्ये टाकले की लाइनवर येऊन बसतात. सोय हवीच असेल तर ती जोडणीच्या आधीच्या रॅकवर, दिसेल अशी आणि मोजून ठेवू.

राहिलेला मुद्दा कार्ड वाढवण्याच्या अधिकाराचा. आज महिनाअखेरची थकबाकी दाखवत ‘तात्पुरती पाच कार्डं’ मागितली गेली. ग्राइंडर तोच असताना पाच कार्डांनी एकही शाफ्ट जास्त निघणार नाही, फक्त १५० नग रांगेत वाढतील. सुटं कार्ड छापणं बंद केलं, १५ कार्डांना क्रमांक दिले. वाढ हवी असेल तर ग्राइंडर कामाअभावी थांबल्याची नोंद दाखवायची, मग देऊ. शनिवारी जादा शिफ्ट हवी असेल तर ती लगेच मंजूर, पण ग्राइंडरवरच.

सोमवारपासून कास्टिंग. त्यांच्या पीओंच्या तारखांचा इतिहास मागवला आहे.